लक्ष्मीबाई टिळक लिहावयास कशा शिकल्या

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळीतील एक वृद्ध माउली प्रभूमध्ये निद्रिस्त झाली. सिल्लोडपासून थोड्या अंतरावरील एका वाडीत तिचे सारे आयुष्य गेले होते. मृत्युलेख लिहिण्याचे काम पाळकाकडे येते, तसे ते आमच्याकडे आले, आणि आम्ही ते एका बैठकीत उरकले. ती धर्मशील, प्रार्थनाशील, कष्टाळू, मनमिळाऊ व सर्वांस प्रिय होती, असे आम्ही लिहिले आणि रविवारच्या उपासनेच्या शेवटी वाचून दाखविले. मंडळी बाहेर पडत असता तिचा दहा वर्षांचा नातू आमच्याजवळ आला आणि त्याने अगदी भोळेपणाने विचारले, की पाळकसाहेबांनी आता वाचले ती आजी कोणाची. आजूबाजूची माणसे हसली व आम्हीही हसलो. परंतु घरी जाताना ते हसू आमच्या तोंडावर राहिले नाही. जो लेख कोणत्याही आजीला लागू पडेल, तो त्या मुलाच्या आजीचा नव्हता, आणि त्या लेकराने हे आमच्यापूर्वी ओळखले होते.

त्या रात्री आम्ही कपाटातून लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक काढले व पुन्हा आरंभापासून वाचावयास बसलो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी या बाईंचे नाव ऐकले आहे, काहींनी शाळेच्या पुस्तकात त्यांचा एखादा पाठही वाचला असेल. परंतु ज्या बाईला बालपणी पाटी मिळाली नाही, तिने मराठी भाषेतील अत्यंत नावाजलेले आत्मचरित्र कसे लिहिले, हे नीट जाणून घेणे आपणा खेड्यातील मंडळ्यांस फार उपयोगाचे आहे. म्हणून या आठवड्यात त्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळ जलालपूर या गावी गोखले यांच्या घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात त्यांना मनू म्हणत. सन १८५७ च्या धामधुमीत त्या घरातील एका वडीलधाऱ्या आप्तास फाशी झाली होती, आणि त्या घटनेचा घाव मनूच्या वडिलांच्या मनावर असा बसला की त्यांना सोवळ्याचे वेड लागले. घरात येणारी वस्तू धुतल्यावाचून आत यावयाची नाही, कोणाचा स्पर्श झाला की पुन्हा स्नान, आणि या सर्वांचा भार घरातील बायकांच्या डोक्यावर. मुलीने हसावे, बोलावे, शेजारी जावे, यांतील कोणतीही गोष्ट भीतीवाचून होत नसे. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा १८४८ मध्ये काढली होती. अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, मिशनच्या मुलींच्या शाळा त्याहूनही आधीच्या होत्या. परंतु मनूच्या घराचा उंबरठा ओलांडून ते वारे आत आले नाही. पुढे लेखिका होणारी ही मुलगी अक्षरशत्रूच राहिली.

सन १८८० मध्ये, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, तिचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले व मनूची लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म १८६१ चा. ते बुद्धिमान, कवी, वक्ते, आणि स्वभावाने वाऱ्यासारखे. आज एका गावी नोकरी तर उद्या दुसऱ्या गावी. मनात आले की न सांगता घरातून निघून जावे, हातात पैसा आला की प्रथम जो मागेल त्यास द्यावा, अशी त्यांची रीत होती. अशा पुरुषाशी संसार करणे म्हणजे काय, हे आमच्या वाचक भगिनींस अधिक सांगावयास नको.

याच टिळकांनी पत्नीस अक्षरे शिकविली. परंतु कोणी असे समजू नये की एक शांत गुरू व एक आज्ञाधारक शिष्या रोज सायंकाळी दिव्याशी बसत असत. गुरूचा उत्साह उसळे तेव्हा धडा सुरू होई, राग उसळे तेव्हा धडा बंद पडे, आणि गुरुजी गाव सोडून गेले की शाळेला आपोआप सुटी लागे. घरकाम, सासरची मंडळी व लोकांची टोमणी यांतून चोरलेल्या वेळात त्या मुलीने जोडाक्षरांपर्यंत मजल मारली. व्याकरण असे त्या क्रमाने कधी शिकल्याच नाहीत. जे आले ते तुटक तुटक आले. परंतु आले ते पक्के आले, आणि लवकरच त्याची गरज पडणार होती.

टिळकांचा धर्माविषयीचा शोध पुष्कळ वर्षे चालला होता. राजनांदगावाकडे जात असता आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांस नवा करार दिला, ती गोष्ट सन १८९३ मधील. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. काही अपत्ये त्यांनी आधीच मातीस दिली होती आणि मांडीवर देवदत्त हा लहान मुलगा होता. ज्या बाईचे बालपण स्पर्शाच्या भीतीत गेले, तिला एके दिवशी कळते की आपला पतीच आता अस्पर्श्य झाला आहे. त्या दुःखाची कल्पना करणे आपणास कठीण आहे. पुढे सुमारे पाच वर्षे नवरा एकीकडे व बायको दुसरीकडे अशी स्थिती होती. बहिणीच्या घरच्या मंडळींनी त्यांस आधार दिला. त्या पंढरपुरास राहिल्या, आजारी पडल्या, रडल्या, देवाशी भांडल्या.

आम्हां ख्रिस्ती लोकांस ही गोष्ट सांगताना एक मोह होतो. आम्ही टिळकांच्या धैर्याचे वर्णन करतो आणि बाईंच्या अश्रूंवरून घाईने पुढे जातो. लक्ष्मीबाईंनी तसे केले नाही. पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्यावर, आणि त्या श्रद्धेत म्हातारपणापर्यंत स्थिर राहिल्यावरही, त्यांनी त्या पाच वर्षांचे दुःख होते तेवढेच लिहिले. पतीने केलेले योग्य होते असे त्यांस पुढे वाटले, म्हणून त्या वेळी ते भयंकर वाटले होते हे त्यांनी खोटे ठरविले नाही.

या काळात दोन गोष्टी घडल्या. पहिली ही की त्यांच्या तोंडून कवितेच्या ओळी येऊ लागल्या. दुसरी ही की पतिपत्नींमध्ये पत्रे चालू राहिली. ज्या अक्षरांसाठी इतके रुसवेफुगवे झाले होते, त्याच अक्षरांवर आता सारा संसार लोंबकळत होता. ती अक्षरे येत नसती तर पतीचे पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले असते, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेले पत्र बहुधा दुसऱ्याचेच होते. वाचकहो, लिहिणेवाचणे ही केवळ नोकरीची शिडी आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी या पत्रांचा विचार करावा.

शेवटी त्या मुलास घेऊन पतीकडे आल्या. परंतु आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊन. चूल निराळी, पाणी निराळे, भांडी निराळी. टिळकांनी सक्ती केली नाही. पुढे त्या स्वतःच विचार करू लागल्या की माणसामाणसांतील हा भेद देवाने केला की माणसाने, आणि विचाराअंती त्यांनी ठरविले की तो माणसाने केला. एकदा हे मनाशी ठरल्यावर त्या मागे फिरल्या नाहीत. सन १९०० मध्ये राहुरीस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ घराणी अशी आहेत की त्यांच्या आजोबांच्या सावलीलाही लोक भीत असत. त्यांनी ही हकिकत अवश्य वाचावी. तिच्यात बाईंनी आपल्या मनातील किळस व भीती लपविलेली नाही, आणि म्हणूनच ती भीती गेल्याची गोष्ट खरी वाटते. मी कधी कोणास हलके मानलेच नाही, असे त्यांनी लिहिले असते तर आपण पुस्तक मिटून ठेविले असते.

पुढील वर्षे मुख्यत्वे अहमदनगरास गेली. दुष्काळाने व प्लेगने त्या काळी मुलुख उजाड केला होता. अनाथ मुलांना या घरात आश्रय मिळाला व रोग्यांची सेवाही या दांपत्याच्या हातून घडली. टिळक तेथील धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवीत. १९०४ मध्ये त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे संपादन त्यांजकडे आले. घरात कवींची ये-जा असे. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे, ज्यांस सारा महाराष्ट्र बालकवी या नावाने ओळखतो, ते या घरात मुलासारखे राहिले. ते हट्टी, भित्रे, लाडके असे बालकवी आपणास कोठे भेटत असतील तर ते लक्ष्मीबाईंच्या पानांवर भेटतात. १९१८ मध्ये आगगाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. कवितेची चर्चा करणारे ग्रंथ त्यांच्यावर पुष्कळ झाले. परंतु जेवावयास बसलेला, रुसलेला, हसणारा तो मुलगा या आईने टिपून ठेविला नसता तर तो कायमचा गेला असता.

९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांचे निधन झाले. लक्ष्मीबाई एकावन्न वर्षांच्या होत होत्या. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे प्रभूच्या चरित्रावरील महाकाव्य आरंभिले होते, त्याचे थोडेच अध्याय झाले होते. ते पुढे नेण्याचे काम या बाईंनी अंगावर घेतले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. ज्यांनी त्यांस अक्षरे शिकविली त्यांचे अपुरे काव्य त्यांनीच पुरे करीत आणले. १९३३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या कविसंमेलनाचे अध्यक्षपदही त्यांस मिळाले. एवढे करूनही, त्यांचे नाव ज्या लिखाणामुळे आज घरोघरी आहे, ते काव्य नव्हे. ते साधे गद्य आहे, आणि त्याचा आरंभ एका मुलाच्या मागणीतून झाला.

देवदत्त टिळक यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी साधन म्हणून त्यांनी आईस आपल्या आठवणी लिहून काढण्यास सांगितले. ही गोष्ट सुमारे १९२४ ची. आई लिहू लागली. मुलाला सामग्री हवी होती. परंतु आईच्या हातून जे उतरले, ते दुसऱ्याच्या चरित्राची सामग्री राहिले नाही. तो स्वतःच ग्रंथ झाला. पुढे ‘संजीवनी’ पत्रातून ही प्रकरणे लोकांपुढे आली आणि १९३४ पासून चार भागांत पुस्तकरूपाने निघाली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंनी देह ठेविला. पुस्तक मात्र चालत राहिले. १९५० मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले, २०१७ मध्ये शांता गोखले यांनी पुन्हा नवे भाषांतर केले, आणि मराठीत तर त्याच्या आवृत्त्या निघतच आहेत.

आता या लिखाणात असे काय आहे, की मोठमोठ्या विद्वानांची आत्मचरित्रे धूळ खात पडली व हे राहिले? आम्ही पाळक आहो, साहित्याचे परीक्षक नव्हे. परंतु वाचताना आमच्या ध्यानात जे आले ते सांगतो.

पहिली गोष्ट नावातच आहे. बाईंनी इतिहास लिहिला नाही, चित्रे काढिली. आमच्या सिल्लोडकरांस ही गोष्ट समजणे सोपे जावे, कारण अजिंठा आमच्या शेजारी आहे. तेथील भिंतींवर ज्यांनी रंग भरले त्यांनी केवळ राजांच्या वंशावळी मांडल्या नाहीत. दासी, भिक्षू, हत्ती, माकडे, दारात उभी राहिलेली बाई, अशी एकेक आकृती काढिली, आणि आज दीड हजार वर्षांनी आपणास तो काळ त्या आकृतींतून कळतो. लक्ष्मीबाईंचे एकेक प्रकरण असेच एका प्रसंगाचे आहे. एक प्रवास, एक भांडण, एक आजारपण, एक फजिती. प्रसंग संपला की चित्र संपले. ज्यास एवढे मोठे आयुष्य कोठून लिहावयास घ्यावे असे वाटते, त्याने आयुष्य लिहू नये. एक दिवस लिहावा.

दुसरी गोष्ट भाषा. बाई जशा बोलत तशा त्या लिहीत. स्वयंपाकघर, माजघर, नदीचा घाट, आगगाडीचा डबा येथे बायका जी भाषा बोलत तीच त्यांनी कागदावर ठेविली. शिक्षण बेताचे होते, त्यामुळे पुस्तकी भाषा उसनी आणण्याची सोयच नव्हती, आणि हेच त्यांचे भाग्य ठरले. आम्ही येथे कान धरतो, कारण आमचा मृत्युलेख सगळा उसन्या शब्दांचा होता. धर्मशास्त्राच्या शाळेत आम्ही पुष्कळ मोठे शब्द शिकलो व ते कोठेही बसतात असे आम्हांस वाटू लागले. परंतु आजीच्या अंगावर ते दुसऱ्याच्या मापाच्या कपड्यासारखे लोंबत होते.

तिसरी गोष्ट विनोद. बाईंवर जेवढी संकटे आली तेवढी आली असता दुसऱ्या कोणी रडकथा लिहिली असती. लक्ष्मीबाई हसतात. परंतु हसतात ते प्रथम स्वतःच्या अज्ञानास, स्वतःच्या भित्रेपणास, स्वतःच्या हट्टास. जो स्वतःस हसतो त्याला दुसऱ्याविषयी लिहिण्याचा अधिकार येतो, आणि त्याचे बोलणे झोंबत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण, आणि तीच आम्हांस विशेष सांगावयाची आहे. टिळक हे महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळीचे मोठे भूषण. त्यांची भजने आपण प्रत्येक उपासनेत गातो. अशा पुरुषाची विधवा जेव्हा आठवणी लिहावयास बसते, तेव्हा लोकांची अपेक्षा काय असते? की त्यांचे गुण गावेत व बाकीचे झाकावे. बाईंनी काही झाकले नाही. त्यांचा संताप, त्यांची विसराळू उदारता, घरात दाणा नसता त्यांनी केलेले दान, न सांगता निघून जाणे, हे सर्व त्यांनी लिहिले. आणि आश्चर्य असे की पुस्तक मिटल्यावर टिळकांविषयीचा आदर कमी होत नाही, वाढतो. कारण आता ते भिंतीवरच्या तसबिरीतील राहिलेले नसतात. ते दारातून आत येतात. त्यांचे दोष सांगणारी बाई त्यांजवर किती प्रीती करीत होती, हे ओळीओळीतून कळते. ज्या माणसाचे दोष लपवावे लागतात त्याजवर आपली प्रीती थोडी आहे, असे तर नव्हे ना? पवित्र शास्त्राने दाविदाचे पाप लपविले नाही व पेत्राचे नाकारणे लपविले नाही. ज्यांनी ते लिहून ठेविले त्यांनी दाविदाचा वा पेत्राचा अपमान केला असे कोणी म्हणत नाही.

परंतु येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सत्य सांगणे म्हणजे सूड घेणे नव्हे. आठवणी लिहिण्याच्या निमित्ताने जुन्या भावकीचा हिशेब चुकता करणारे लोकही आम्ही पाहिले आहेत. लक्ष्मीबाईंच्या लिखाणात तो कडवटपणा नाही. लिहिण्यापूर्वी आपणच आपणास विचारावे, की हे मी कोणास दुखविण्यासाठी लिहितो की कोणास ओळखण्यासाठी. तसेच जिवंत माणसाविषयी लिहावयाचे तर त्यास आधी विचारावे. आणि जे आठवत नाही ते रचून सांगू नये. साल आठवत नसेल तर ज्या वर्षी मोठा दुष्काळ पडला, ज्या वर्षी थोरल्याचे लग्न झाले, असे लिहावे. खेड्यातील माणसांच्या स्मरणाची पंचांगे अशीच असतात, आणि ती पुष्कळदा खरी ठरतात.

आमचे काही वाचक म्हणतील की आमच्या वडीलधाऱ्यांना मराठी लिहिता कोठे येते? त्यांचे म्हणणे खरे आहे. आमचा हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दरबाराची व वरच्या शाळांची भाषा उर्दू होती, आणि खेड्यातील गोरगरिबांना कोणतीच शाळा नव्हती. त्या पिढीतील जी थोडी माणसे आज हयात आहेत त्यांच्याजवळ आठवणी आहेत व अक्षरे नाहीत. परंतु अजिंठ्याचा डोंगर ओलांडून खानदेशात उतरा. तेथे आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना एकही अक्षर येत नव्हते. त्या शेतात व जात्यावर जे गात ते त्यांच्या घरातील मुलांनी लिहून ठेविले, आणि १९५१ मध्ये त्या वारल्यावर पुढल्या वर्षी ते पुस्तक निघाले. सोपानदेवांनी आईचे शब्द जपले, देवदत्तांनी आईस लिहावयास बसविले. दोन्ही ठिकाणी विचारणारा मुलगा होता. आज तर प्रत्येक घरात मोबाइल आहे आणि त्यात आवाज साठवून ठेविता येतो. कापूस वेचून वा मिरची तोडून आलेली आई रात्री अंगणात बसते, तेव्हा तो तिच्याजवळ ठेवून एवढेच विचारावे, की तू लहान होतीस तेव्हा पाणी कोठून आणीत होतीस. मग मध्ये बोलू नये.

विचारताना मोठे प्रश्न विचारू नयेत. तुझ्या जीवनाचा अर्थ काय, असे विचारले तर आई गप्प बसेल. पहिले लुगडे कोणी घेतले, बाप्तिस्म्याच्या दिवशी घरी काय शिजले, कोणी बोलणे टाकले व पुन्हा कधी बोलले, असे विचारावे. मग लिहावयास बसावे. आधी शुद्धलेखनाची चिंता करू नये. ती दुरुस्त करणारी माणसे पुष्कळ मिळतात. परंतु तुमच्या आईने डोंगरातून पाणी कसे आणले हे दुरुस्त करून देणारा कोणी मिळणार नाही. लिहून झाल्यावर ते घरातील माणसांस मोठ्याने वाचून दाखवावे. जेथे ती मान हालवितील तेथे ते बरोबर आहे. जेथे ती एकमेकांकडे पाहतील तेथे काही चुकले आहे, किंवा काही लपले आहे.

आता त्या माउलीची गोष्ट पुरी करतो. ‘स्मृतिचित्रे’ मिटल्यावर दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्या वाडीस गेलो व घरच्यांजवळ बसलो. आम्ही विचारले की आजी उपासनेत कोठे बसत व काय करीत. सून प्रथम बोलेना. मग खाली पाहून तिने सांगितले की सासूबाईंना वाचता येत नव्हते. तरीही त्या दर रविवारी गीतांचे पुस्तक मांडीवर उघडून बसत, आणि पुष्कळदा ते उलटे धरलेले असे. सर्वांनी पान उलटले की त्याही उलटीत. गाणी सगळी पाठ होती, टिळकांची तर एकूणएक. ही गोष्ट लिहू नये, असे तिच्या मुलाने आम्हांस सांगितले. आईची आयुष्यभर लोकांत शोभा राहिली, ती आता जावी असे त्यास वाटत नव्हते. आम्ही आग्रह केला नाही. लक्ष्मीबाईंची हकिकत मात्र त्यास सांगितली. त्या अक्षरे कशी शिकल्या, आणि आपले अज्ञान त्यांनी स्वतःच्या हाताने कसे लिहून ठेविले, एवढेच सांगितले. तो पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग त्याने आपण होऊन सांगितले की रोज रात्री तो आईस शुभवर्तमानातील एक अध्याय वाचून दाखवी, आणि झोप आल्यामुळे त्याने एखादी ओळ गाळली तर वाचता न येणारी आई त्यास तेथेच थांबवी व ती ओळ म्हणून दाखवी. हे लिहावे, असे त्याने सांगितले, आणि हे लिहावयाचे तर पुस्तक उलटे धरण्याचेही लिहावे लागेल, हे त्याच्याच ध्यानात आले. त्याने मान हालविली.

आम्ही मृत्युलेख नव्याने लिहिला. धर्मशील, प्रार्थनाशील, मनमिळाऊ हे तिन्ही शब्द काढून टाकिले, कारण आता त्यांची गरज उरली नव्हती. पुढल्या रविवारी तो वाचला. काही बायका हसल्या, काहींनी डोळ्यांना पदर लाविला, आणि पुष्कळांनी दोन्ही केले. उपासना संपल्यावर तो मुलगा पुन्हा आमच्याजवळ आला. या वेळी त्याने आजी कोणाची असे विचारले नाही. त्याने आमची चूक दाखविली. शेवटच्या वर्षी पुस्तक उलटे नव्हते, असे त्याचे म्हणणे होते, कारण त्याने पुस्तकाच्या वरच्या बाजूस तांबडा दोरा बांधून दिला होता व आजी तो दोरा चाचपून पुस्तक धरीत असे.

आम्ही त्यास कागद दिला व ते त्याच्याच हाताने लिहावयास सांगितले. त्याने चार ओळी लिहिल्या. जोडाक्षरे चुकली होती. आम्ही ती तशीच ठेविली आहेत, आणि तो कागद आमच्या लेखास जोडून मंडळीच्या दप्तरात ठेविला आहे.